मोजणीदाराच्या चौतीस सूचना

पहिली सूचना नदीबद्दल होती.

‘तुमच्या खेळातली नदी कुठूनही निघते आणि कुठेही संपते. नदीला उगम असावा. उगमाजवळ ती अरुंद आणि खळखळती, पुढे रुंद आणि संथ असावी. वळणावर बाहेरचा काठ पाणी खातं आणि आतल्या काठाला वाळू टाकतं, तेही दाखवावं. सोबत आकृती.’ खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि कंसात ‘सेवानिवृत्त’.

ज्या पानावर ही सूचना गेली तिथे लोक दोन ओळींच्या वर लिहीत नाहीत. कुणाला उडणारे घोडे हवे असतात, कुणाला गुलाबी तलवार. खेळ ठोकळ्यांच्या जगाचा आहे. माती, झाड, दगड, पाणी, सगळं चौकोनी. खेळणाऱ्याने खणायचं, रचायचं, भटकायचं. जिंकणं-हरणं काही नाही. कंपनीने सूचनांसाठी एक पान ठेवलं आहे आणि त्यावर रोज शेकडो सूचना पडतात. आकृतीसह आलेली त्या दिवशी ही एकच. अर्ध्या तासात ‘पाणघोडा’ असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी खाली लिहिलं, “आजोबा, हा खेळ आहे. इथे जमिनीचे दाखले मिळत नाहीत.”

मोजणीदारांनी उत्तर दिलं, “माहीत आहे. आकृती नीट पाहावी.”

पुढच्या अकरा आठवड्यांत त्यांनी अशा चौतीस सूचना पाठवल्या.

गल्लीत त्यांना अजून मोजणीदारच म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या. आधी साखळीने, मग दुर्बिणीने, शेवटची सहा वर्षं उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या यंत्राने, ज्यावर त्यांचा विश्वास कधी पूर्ण बसला नाही. दोन भाऊ भांडत असले की मधली रेघ कुठून जाते ते सांगायचं आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, हे काम. त्यांच्या रेघेवर कुणी कितीही आरडाओरडा केला तरी फेरमोजणीत ती बोटभरही हललेली नाही, असं खात्यातले लोक सांगतात. घरी बायको सांगते की ह्या माणसाने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी खोली मोजली होती, आणि कपाट चार बोटं मागे सरकवायला लावलं होतं.

उजवा गुडघा एका घसरड्या उतारावर गेला. निवृत्तीनंतर तो बदलावा लागला आणि दोन महिने खाटेवर काढावे लागले. तेव्हा मुलगा सुटी काढून आला होता. त्याला घरात खडू म्हणतात, कारण लहानपणी तो शाळेतून खिशात भरून खडू आणायचा आणि खायचा. आता एकोणतीस वर्षांचा आहे. दूरच्या शहरात एका ऑफिसात आकड्यांचं काम करतो, एकटा राहतो. त्याने आपला जुना कॉम्प्युटर खाटेशेजारी लावला, बापाच्या कानावर माइकवाला हेडफोन चढवला, हातात माउस दिला आणि म्हणाला, “चला बाबा. इथे गुडघा लागत नाही.”

दोन वर्षं झाली त्याला. तेव्हापासून दर रविवारी अकरा ते एक बाप आणि लेक त्या जगात एकत्र चालतात.

ह्या दोन तासांचं मोल समजायला त्या दोघांचं फोनवरचं बोलणं ऐकायला हवं. “जेवलास?” “हो.” “बरं, आईला देतो.” एकदा बायकोने घड्याळ लावून पाहिलं होतं, सात सेकंद. समोरासमोर याहून बरं नव्हतं. पण ठोकळ्यांचा डोंगर चढताना खडू बोलायचा. मोजणीदारांना फील्डबुक लिहायची जुनी सवय. ऑफिसातून आणलेल्या कोऱ्या वह्या होत्याच. तारीख, ठिकाण, चढ-उतार, शेरा, असे रकाने. शेऱ्याच्या रकान्यात ते खडूचं बोलणं लिहीत.

‘पूर्वेचा डोंगर, प्रथमच. चढ तीव्र. खडू बोलला: साहेब बदलला, नवा बरा नाही. ६ मिनिटे.’

‘दलदल, प्रथमच. खडू बोलला: एका मुलीबद्दल. नाव सांगितले नाही. ११ मिनिटे.’

‘घराजवळचे मैदान. खडू बोलला नाही.’

असं सव्वा वर्ष लिहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अनोळखी जमिनीवर पोरगा बोलतो आणि ओळखीच्या जमिनीवर गप्प राहतो. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वहीच्या मागच्या पानावर फक्त एक रेघ ओढून ठेवली.

मग एका रविवारी दोघं एका गुहेत उतरत होते. खडू पुढे होता. अर्ध्या वाटेत तो थांबला आणि म्हणाला, “बाबा, मला हल्ली सकाळी...”

“थांब! डावीकडे वळू नकोस,” मोजणीदार ओरडले. “खाली लाव्हा आहे. मंगळवारीच येऊन बघून गेलोय मी. खुंटी दिसत नाही का? लाल फडकं?”

“दिसली.”

“काय म्हणत होतास?”

“काही नाही.”

त्या दिवशीचा शेरा: ‘गुहा. खडू अर्धे वाक्य बोलला.’

त्यानंतर तो फारसा बोललाच नाही. दोन तासांची चाळीस मिनिटं झाली, चाळीसची वीस. “कंटाळा आलाय बाबा,” तो म्हणायचा. “कुठेही गेलं तरी तेच. सगळीकडे तेच तेच आहे.”

मोजणीदारांनी हे वाक्य जसंच्या तसं घेतलं. जमीन तीच तीच आहे. मग जमीन बदलायला हवी. त्यांनी सूचनांचं पान शोधून काढलं.

पुढच्या खोलीत एका भिंतीला कॉम्प्युटर आणि समोरच्या भिंतीला बायकोचं शिलाई मशीन. ती लोकांचे कपडे आखूड-लांब करून देते. चाळीस वर्षं मशीन चालवून तिला पाठ न वळवता मागचं सगळं कळतं.

“अहो, काय लिहिताय इतकं?”

“डोंगराबद्दल. ह्यांचे डोंगर चारी बाजूंनी सारखे आहेत. डोंगराला पाठ आणि पोट असतं. एका बाजूने चढ सोपा, दुसऱ्या बाजूने कडा. तसं नाहीच इथे.”

“आणि ते झालं की खडू बोलेल?”

मोजणीदार टाइप करत राहिले.

“त्याला फोन करून सरळ विचारा ना, काय झालंय म्हणून.”

“विचारलं.”

“काय विचारलं?”

“जेवलास का म्हणून.”

“धन्य आहे तुमची.” मशीन थांबलं. “मला काय म्हणतो माहितेय? आई, सगळं ठीक आहे. माझा मुलगा ठीक आहे असं कधी म्हणत नाही हो. डोकं दुखतंय म्हणतो, साहेब गाढव आहे म्हणतो, दूध नासलं म्हणतो. ठीक आहे म्हणायला लागला तेव्हाच मी ओळखलं. उठा, जाऊ या त्याच्याकडे.”

“न बोलावता?”

“आई-बापाला बोलावणं लागतं का?”

“जाऊन काय होईल ते सांगतो. तो दार उघडेल. चहा करेल. ठीक आहे म्हणेल. दोन दिवस घर आवरून दाखवेल आणि आपल्याला गाडीत बसवून देईल. मग पुढच्या वेळी विचारायची सोयच उरणार नाही.”

ते खरं होतं. बायकोने कपाटावरची बॅग खाली काढली, झटकली आणि दाराशी ठेवली. ती बॅग नंतर वर गेली नाही.

सूचना जात राहिल्या. नववी खिंडीची होती: दोन डोंगरांच्या मध्ये जमीन वाकलेली असते, माणसं तिथूनच जातात, तुमच्या खेळात मात्र एक तर शिखर चढावं लागतं नाही तर बोगदा खणावा लागतो. चौदावी दरडीची. अठरावी पाणी जमिनीत गडप होऊन मैलभर पुढे निघतं अशा ओढ्याची. एकविसावी भेगाळलेल्या मातीची, भेगेची खोली आणि रुंदी देऊन. पाणघोडा आणि त्याच्यासारखे पाच-सहा जण सुरुवातीला चेष्टा करत. “आजोबा, ढगांचंही माप द्या,” असं एकाने लिहिलं. मोजणीदारांनी कळवलं की ढग आपल्या खात्याकडे नव्हते.

तेविसावी सूचना सगळ्यांत लांब होती.

‘घळ हवी. दोन उंच कड्यांमधली अरुंद वाट. रुंदी एक माणूस जाईल इतकीच. दोघांना शेजारी चालता येऊ नये. मी एकतीस वर्षे माणसांना ओळीने चालताना पाहिले आहे. पुढे एक, मागे एक, असे चालताना माणसे जे बोलतात ते समोरासमोर बसून बोलत नाहीत. माझा साखळी धरणारा सहकारी आपले मूल गेल्याचे मला घळीतच बोलला. त्याआधी वर्षभर आम्ही रोज एका डब्यात जेवत होतो. घळीला शेवट दिसू नये म्हणून एक वळण द्यावे. सोबत आकृती, तीन छेद.’

ह्या सूचनेखाली कुणी काही लिहिलं नाही.

कंपनीचं उत्तर प्रत्येक वेळी एकच यायचं: आपण वेळ काढून लिहिलंत याबद्दल आभारी आहोत. मोजणीदारांना अशी उत्तरं लिहिणाऱ्या टेबलांची माहिती होती. त्यांनी ती सगळी छापून घेतली आणि क्रमांक देऊन फायलीत लावली.

खडू आता अठरा मिनिटं थांबत होता. हेडफोनमधून त्याचा श्वास ऐकू यायचा, आणि मागे कुठेतरी नळ गळत असल्यासारखा आवाज. “नळ दुरुस्त करून घे रे,” मोजणीदार म्हणायचे. “हो,” तो म्हणायचा. पुढच्या रविवारी नळ गळतच असायचा.

एकतिसाव्या सूचनेपासून भाषा बदलली. ‘काहीही चालेल. आजवर नव्हते असे काहीतरी घालावे. लवकर.’ चौतिसावीत एकच ओळ होती. ‘कृपया येत्या रविवारच्या आत.’

तिच्याखाली पाणघोड्याने लिहिलं, “आजोबा, सगळं बरं आहे ना?”

मोजणीदारांनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी टाइप केलं, “आकृती जोडायची राहिली. क्षमस्व.”

नवी जमीन एका बुधवारी आली. कंपनीने खेळात मोठा बदल केला आणि नव्या प्रकारांची यादी जाहीर केली. बर्फाची पठारं, खारवट सपाट मैदानं, आणि सातव्या क्रमांकावर: अरुंद, वळणावळणाच्या घळी. त्या मोजणीदारांच्या सूचनेवरून घातल्या असं मानायला काहीच आधार नाही. असे बदल वर्षभर आधी ठरतात. मोजणीदारांनाही तसं वाटलं नाही. त्यांनी फक्त एवढंच पाहिलं की बुधवार आहे आणि रविवारला चार दिवस आहेत. खुर्चीतून इतक्या झटक्यात उठले की बदललेला गुडघा कुरकुरला.

“आली,” ते म्हणाले.

“कोण आली?” बायकोने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

“घळ.”

बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार दुपारपर्यंत त्यांनी त्या जगात घळ शोधली. पूर्वेचा डोंगर तसाच होता, चारी बाजूंनी सारखा. नदी तशीच कुठूनही निघत होती. पश्चिमेला दलदल, दक्षिणेला वाळू. ठोकळासुद्धा हललेला नव्हता. शेवटी त्यांनी पाणघोड्याला विचारलं. एकतीस वर्षांत हाताखालच्या माणसाला त्यांनी असं विचारलं नव्हतं.

उत्तर लगेच आलं आणि त्यात थट्टा नव्हती. “आजोबा, जमीन तिथे आधीपासून नसतेच. तुम्ही जवळ गेलात की ती त्या क्षणी तयार होते. एकदा झाली की झाली, मग ती कायम तशीच राहते. नवे प्रकार फक्त अजून कुणी न पाहिलेल्या जागी येतात. तुमचं जग किती पाहून झालंय?”

मोजणीदारांनी मान वर केली. कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर त्या जगाचा नकाशा होता. आठ मोठे कागद चिकटवून केलेला; त्याचा फोटो ते खडूलाही पाठवत. सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, मधे जेवणाची सुटी, असं दोन वर्षं काम करून त्यांनी चहूबाजूंची सगळी जमीन पायाखाली घातली होती. दर पन्नास पावलांवर एक खुंटी आणि तिच्यावर लाल फडकं. एक हजार सहाशे बारा खुंट्या. रविवारी पोराचा वेळ वाया जाऊ नये, त्याने भलतीकडे भटकू नये, खड्ड्यात पडू नये, म्हणून.

“काय झालं?” बायकोने विचारलं. त्यांनी सांगितलं.

ती उठून नकाशाजवळ गेली. दोन वर्षं भिंतीवर असूनही तिने तो कधी नीट पाहिला नव्हता. लाल ठिपके बघत ती जरा वेळ उभी राहिली.

“म्हणजे पोरगं जिथे जाईल तिथे तुमचं फडकं आधीच,” ती म्हणाली. “रविवारी दोघं मिळून शोधायला जायचात ना तुम्ही? आणि तुम्ही आठवडाभर आधीच जाऊन येत होता?”

“त्याला त्रास नको म्हणून.”

“तेच तेच म्हणतो तो ते जमिनीला नव्हतं हो.”

हे ती रागाने बोलली नाही, आणि मोजणीदारांना वाटलं, त्यापेक्षा राग परवडला असता. ते कॉम्प्युटरकडे वळले आणि खुंट्या उपटायला लागले. घरापासून सुरुवात करून एक एक. दोनशे चाळीस उपटल्यावर मनगट सुजलं. बायकोने माउस हातातून काढून घेतला. “उपटून काय होणार? पाहिलेलं न पाहिलेलं होतं का?” होत नव्हतं. हे त्यांनाही कळत होतं.

शनिवारी त्यांनी हिशेब मांडला. कुणी न पाहिलेली जमीन सगळ्यांत जवळ कुठे? दक्षिणेला, वाळू ओलांडून, चालत एक तास दहा मिनिटं. खडू थांबणार अठरा मिनिटं. त्यांनी तिन्ही वह्या काढल्या आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतल्या, कुठे एखादी जवळची वाट सुटली आहे का ते बघायला. दुसऱ्या वहीच्या मध्यावर उत्तरेच्या टेकाडापलीकडची नोंद आली आणि त्यांचं बोट थांबलं.

आकडे बरोबर दिसत नव्हते. पंधरा, वीस, दहा, पंचवीस, वीस. सगळे शून्यावर नाही तर पाचावर संपणारे. खरी जमीन असे आकडे कधीच देत नाही. ठिकाणासमोर लिहिलं होतं: ‘गवताळ, सौम्य उतार.’

त्यांनी तारीख पाहिली. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तो दिवस. तो दिवस त्यांनी हॉस्पिटलच्या बाकावर काढला होता. वही सोबत होती. आठवड्याचं काम अपुरं राहू नये म्हणून बसल्या जागी त्यांनी एका तुकड्याचे आकडे मनाने भरले होते आणि घरी येऊन नकाशावर तेच लिहून रंग लावून टाकला होता. तिथे ते गेलेच नव्हते.

खात्यात ह्याला झाडाखालची मोजणी म्हणत. शेतात न उतरता झाडाखाली बसून आकडे भरायचे. नोकरीत असताना ह्याच गोष्टीसाठी त्यांनी एका सहकाऱ्याची लेखी तक्रार केली होती. तो शेजारीच राहायचा. त्याची बदली झाली, आणि जाताना त्याने मोजणीदारांच्या घरावरून मुद्दाम मान फिरवून गाडी नेली होती.

उत्तरेचं टेकाड घरापासून चौदा मिनिटांवर होतं.

त्या शनिवारी आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जागा आधी बघून ठेवली नाही. सोपं गेलं नाही. दुपारी दोनदा ते कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले आणि दोनदा उठले. तिसऱ्यांदा बायकोने वायरच काढून पदराखाली घेतली.

रविवारी अकरा वाजले. खडू आला नाही. सव्वाअकरा झाले. बायको मशीनवर बसली होती, पण पाय हलत नव्हते. अकरा वीसला पडद्यावर खडूचा ठोकळ्यांचा माणूस घराच्या दारात उगवला.

“आलो. जास्त वेळ नाहीये बाबा.”

“चल. उत्तरेला जाऊ. टेकाडापलीकडे.”

“तिथे काय आहे?”

“माहीत नाही.”

“नकाशात आहे ना. गवताळ, सौम्य उतार. पाठ आहे मला तुमचा नकाशा.”

“ते खोटं आहे.”

हेडफोनमध्ये नुसता नळ वाजला.

“म्हणजे?”

“मी तिथे गेलोच नव्हतो. आईचं ऑपरेशन होतं. बाकावर बसून आकडे भरले.”

खडूने श्वास सोडला. मोजणीदारांना वाटलं तो हसला. नक्की सांगता आलं नसतं.

“तुम्ही? झाडाखाली?”

“बाकावर.”

“बाबा, चष्मेवाल्या काकांची तक्रार केली होती तुम्ही. असंच केलं म्हणून. ते लोक गाव सोडून गेले. मी त्यांच्या मुलीबरोबर खेळायचो रोज.”

“माहीत आहे.”

“तेव्हा माहीत होतं?”

“तेव्हा पाहिलं नाही,” ते म्हणाले.

दोघं टेकाडाच्या पायथ्याशी आले. इथपर्यंत खुंट्या होत्या. पुढे नव्हत्या.

“तू पुढे हो,” मोजणीदार म्हणाले. “मी मागून येतो.”

“तुम्ही कधीपासून मागे चालायला लागलात?”

“आजपासून.”

खडू चढला. मोजणीदार त्याच्या पाठीकडे बघत चढले. त्यांना घळ हवी होती. तेविसाव्या सूचनेतली, एक वळण असलेली. टेकाडाच्या माथ्यावर खडू थांबला आणि पलीकडची जमीन त्या क्षणी, ठोकळा ठोकळा करत, पहिल्यांदाच तयार झाली.

गवत होतं. उतार सौम्य होता. तीन मेंढ्या चरत होत्या.

“गवताळ, सौम्य उतार,” खडू म्हणाला. “बाबा, तुमचं खोटंसुद्धा बरोबर निघालं.”

चौतीस सूचना, तीन वह्या आणि हे. आता तो म्हणेल, बरं बाबा, निघतो. मोजणीदारांनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. बायकोने त्यांचा चेहरा पाहिला आणि मशीनवरून उठली.

पण खडू निघाला नाही. तो उतारावरून खाली चालू लागला, कुठे असं काही नव्हतं, नुसता चालत राहिला. मोजणीदार हात परत माउसवर ठेवून मागोमाग निघाले. डावीकडे एक खड्डा दिसला. ते बोलले नाहीत. खडूने तो स्वतःच वळसा घालून टाळला. तीन मिनिटं गेली. मेंढ्या मागे पडल्या. चार मिनिटं.

“बाबा.”

“हं.”

“मी सव्वा महिना ऑफिसला गेलेलो नाही.”

मोजणीदार चालत राहिले.

“आधी सुटी टाकली. मग टाकलीच नाही. फोन यायचे, बंद करून ठेवला. सकाळी उठताच येत नाही मला. जाग असते. नळाचा आवाज ऐकू येतो. उठून तो बंद करावा एवढंही होत नाही. दुपार होते, संध्याकाळ होते. आईचा फोन येणार असतो तेवढ्यापुरता चालू करतो आणि ठीक आहे सांगतो.” तो थांबला. “कधी कधी वाटतं, नकोच उठायला. कधीच.”

एकतीस वर्षं ह्या माणसाला पुढचा आकडा माहीत असायचा. आत्ता त्यांच्याकडे काहीच नव्हतं. बायको खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. तिला हेडफोनमधलं ऐकू येत नव्हतं. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“आज उठलास,” मोजणीदार म्हणाले.

“आज रविवार आहे.”

दोन ठोकळ्यांची माणसं गवतात उभी होती, एक पुढे, एक मागे. पुढच्याने वळून पाहिलं नाही.

“तुझा मजला कितवा?” मोजणीदारांनी विचारलं.

“चौथा. का?”

“लिफ्ट?”

“बंद असते. बाबा, तुमचा गुडघा... येऊ नका. खरंच नको. खोलीची अवस्था बघवणार नाही तुम्हाला.”

“पायऱ्या किती आहेत?”

“मोजल्या नाहीत मी.”

“बरं. नको मोजूस.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, असं बायको नंतर सांगते. “आम्ही आज निघतो. पोचेपर्यंत हे बंद करू नकोस. बोलायची गरज नाही. नुसता इथे थांब. आई फोनवर राहील, तो चालू कर. आल्यावर आपण कुणाला तरी दाखवू, डॉक्टरला. ते नंतर.”

हेडफोनमधून नळ ऐकू येत होता.

“थांबतो,” खडू म्हणाला. आणि मग, “दार उघडंच ठेवतो. नंतर उठता आलं नाही तर.”

मोजणीदारांनी हेडफोन काढून बायकोच्या कानावर चढवला. फील्डबुक टेबलावर उघडं होतं, शेऱ्याचा रकाना कोरा. त्यांनी ते मिटलं आणि गुडघ्याचा पट्टा शोधायला लागले.

“अगं, पट्टा कुठे आहे माझा?”

“बॅगेत,” बायको म्हणाली. एक हात माइकवर होता. “दोन महिने झाले भरून.”